सायबिणीची नावं आणि आमची वयनी

भात झोडून झालं, गवताच्या उडव्या रचून झाल्या, की आमच्या वाडीत सायबीण फिरायला निघायची. सायबीण म्हणजे मरियामाता. आम्ही मालवणकडचे ख्रिस्ती लोक तिला सायबीणच म्हणतो, घरातल्या मोठ्या बाईला म्हणावं तसं. हातभर उंचीची लाकडी मूर्ती, निळा झगा, नाकाचा रंग थोडा उडालेला, आणि तिला बसायला काचेच्या दाराची पेटी. वाडीत आमची अकरा घरं. प्रत्येक घरी तिचा एक दिवस मुक्काम. दिवेलागणीला या घरची माणसं गाणी म्हणत तिला पुढच्या घरी पोचवणार, त्या घरची माणसं दारात उभी राहून तिला आत घेणार, मग सगळी वाडी गुडघ्यावर बसून लदीन म्हणणार. लदीन म्हणजे तिच्या नावांची माळ हो. पुढे म्हणणारी एकेक नाव घेते आणि बाकीचे सगळे एका सुरात "आमच्यासाठी विनंती कर" म्हणतात. पन्नासभर नावं आहेत, गुडघे चांगले सोलवटून निघतात. शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याची कातळी. बाप्यांना वेगळ्या कपात 'काढा' मिळायचा. तेव्हा दारूबंदी होती, म्हणून काढा. सर्दी कुणालाच नसायची, पण काढा सगळे घ्यायचे.

पाचवं घर आमचं. आमच्या आईला त्या एका दिवसाचं जे कौतुक होतं, ते मी नाताळाचंही पाहिलं नाही. त्याला कारण होतं. बाबा बोटीवर स्वयंपाकी. दीड-दोन वर्षांनी घरी यायचे, एक ट्रंक आणि चार साबण घेऊन. माझ्या लहानपणी एका पावसाळ्यात त्यांच्या बोटीची दोन महिने काही खबर नव्हती. तेव्हा आई सायबिणीपुढे बोलून बसली होती, "माझो घोव सुखरूप येवंदे. तो दर्यावर आसा तवसर तुका माझ्या दारावरसून तशीच पुढे जावंक दिवचंय नाय." बाबा आले. पुन्हा गेले. आणि आई दरवर्षी दिवाळी सरली की भिंतींना चुना काढायला लागायची.

आता मधे आमची वयनी येते.

माझा थोरला भाऊ खाली दक्षिणेला, बंदराच्या गावी, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथे ही नर्स. घाटावरची, कोल्हापूरच्या बाजूची, आणि प्रोटेस्टंट. तिचे वडील तिकडे खेडोपाडी फिरून उपदेश करायचे. दादाला ती आवडली, तिला दादा. पण बाबांना पत्र लिहून विचारायची छाती दादाची होईना. मग त्यानं आत्याला मध्ये घातलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, लग्न न केलेली, तिसऱ्या घरात एकटी राहायची. सायबिणीच्या पेटीची किल्ली तिच्याकडे, कुठल्या घरी कधी जायचं तो क्रम तिच्या डोक्यात, आणि लदीन पुढे म्हणायची तीच. गोव्याला मठातल्या माद्रींकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, राहून तिनं सगळी लदीन लॅटिनमध्ये पाठ केली होती. तर दादानं तिला चार दिवस मासळी आणून दिली, पाचव्या दिवशी लग्नाचं सांगितलं. आत्या तासभर ओरडली आणि मग बसून बाबांना पत्र लिहिलं. बाबांचं उत्तर आलं, "पोरगी चांगली असेल तर करा."

लग्न लागलं ते इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, बाजूच्या खोलीत, मिस्साची उपासना नाही, गाणं नाही. दोघं दोन धर्मांची नसली तरी दोन पंथांची, तेव्हा तसाच नेम होता. आत्या आली होती, पण मयतीला आल्यासारखं तोंड करून.

दादाची नोकरी तिकडेच राहिली, तो शनिवारी यायचा. वयनी नोकरी सोडून आमच्याकडे राहिली. आणि महिन्याभरात वाडी तिची झाली. इंजेक्शनची सुई अॅल्युमिनियमच्या टोपात उकळून ती दारोदार जायची. कुणाचं बाळंतपण, कुणाचा ताप. बोलणं एकदम पुस्तकी, "आपल्याला वेदना कुठे होतात?" असं विचारायची. म्हातारे दचकून बरे व्हायचे. आत्याच्या पाठीवर मोठं गळू झालं होतं, ते वयनीनंच फोडलं. आत्यानं तिला घाटावरच्या सात पिढ्यांवरून शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी सुक्या बांगड्यांची माळ पाठवून दिली.

सगळं छान चाललं होतं. संध्याकाळी आम्ही घरात प्रार्थनेला बसायचो तेव्हा वयनीही बसायची. 'आमच्या स्वर्गातल्या बापा' आमच्यापेक्षा खणखणीत म्हणायची. सायबिणीची प्रार्थना सुरू झाली की मात्र गप्प. मान खाली, ओठ बंद. आईनं ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि काही बोलली नव्हती. आत्यानं पाहिलं ते ऑक्टोबरात.

"गो, तुझा तोंड कित्याक बंद झाला?" आत्यानं प्रार्थना संपायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

वयनी म्हणाली, "आत्याबाई, मी मरियेला मान देते. तिच्यासारखा विश्वास माझ्यात चिमूटभर असता तरी पुष्कळ झालं असतं. पण मागायचं ते मी एकाकडेच मागते."

"अगो, पण ती त्याची आवय! आवशीचा कोण मोडता?"

"मोडत नाही. पण मला थेट जायची मोकळीक आहे ना?"

आत्यानं पदर खोचला. अशा वेळी ती फार खूश असायची, हे मला आता कळतं. "थेट? लग्नाच्या वेळेक गेलो होतो तुझो घोव थेट? माझ्या पायाकडे येवन बसलो मां? मी पत्र लिवलंय तेव्हा तुझा कुंकू—" इथे तिला आठवलं की आम्ही कुंकू लावत नाही. "तेव्हा तुझी अंगठी जाग्यार पडली! मधे मी होतंय म्हणान."

वयनी हसली. "आत्याबाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण बाबा काही मारकुटे नव्हते. त्यांचं उत्तर बघा, एका ओळीचं. यांनी थेट लिहिलं असतं तरी तेच आलं असतं."

हे आत्याला फार लागलं. एका ओळीचं उत्तर हे तिच्या पत्राचं फळ आहे असं तिनं वाडीभर सांगितलं होतं.

मग हा वाद रोजचाच झाला. कुळीथ पाखडताना, मासळी साफ करताना, विहिरीवर. आत्या म्हणायची, येशू पाहुणा गेला होता त्या लग्नघरातला द्राक्षारस संपला तेव्हा कोणाच्या लक्षात आलं? आईच्याच ना? ती बोलली म्हणून तर त्यानं पाण्याचा द्राक्षारस केला. वयनी म्हणायची, बरोबर, आणि मग ती त्या वाढप्यांना काय म्हणाली? माझं ऐका म्हणाली नाही, त्याचं ऐका म्हणाली. शेजारची वहिनी, म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची हिंदू शेजारीण, ती सायबिणीला दरवर्षी अबोलीची वेणी आणून घालायची. ती दोघींच्या मधे बसून कोळंबी सोलायची. एकदा म्हणाली, "तुमचा बरा आसा. देवीक काय नावान हाक मारुची ह्येच्यार भांडतास. आमच्याकडे मानाचो नारळ कोणाचो पयलो, ह्येच्यार डोकी फुटतत."

इथपर्यंत गंमत होती. मग सायबिणीच्या फेरीच्या आधीच्या रविवारी आत्या आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली. बसली नाही. आईला म्हणाली, "ह्या वरसाक सायबीण चौथ्या घरातसून सहाव्यात जातली. घरातलो एक जरी माणूस गुडघे टेकुचो नाय, विनंती करुचो नाय, तर ता घेणा न्हय. तिका दारात उभी करून अपमान कित्याक करुचो?"

आईच्या हातात चुन्याचा कुंचला होता. तो थेंब थेंब गळत राहिला. "बरा," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. पण त्या भिंतीवर तिनं आधीच दोन हात मारलेले होते, ती तिसरा मारत होती. बाबांची बोट तेव्हा कुठेतरी आफ्रिकेच्या बाजूला होती.

वयनीनं दुपारी पिशवी भरली. "आई, मी चार दिवस माहेरी जाऊन येते. सायबीण येऊन गेली की परत येईन. मी घरात नसले तर आत्याबाईंचं काही म्हणणं राहणार नाही."

आईनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. आई कमी बोलायची, आणि बोलायची तेव्हा भांडी विसळत, पाठमोरी. "घरात पावणी येतली आणि घरची सून भायर? ती विचारतली नाय, सून खंय म्हणान? मी काय सांगू? तुझ्यासाठी घालवन दिलंय म्हणान?"

"मग मी खोटं खोटं म्हणू का, आई?"

"नको. खोटा तिकाय कळता आणि तेकाय कळता."

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन पाद्रींकडे गेली. म्हातारे पाद्री खांद्यावर टॉवेल टाकून अळवाला पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, "अगं बायांनो, तिकडे रोमात इतकी वर्षं जगातले सगळे बिशप जमून ह्याच गोष्टीवर भांडत होते. तिच्यासाठी वेगळं मोठं लिखाण करायचं की सगळ्या श्रद्धावंतांच्या प्रकरणातच तिला बसवायचं? नवा किताब द्यायचा की आहेत ते पुरेत? अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मतं मोजावी लागली. आणि तुमच्या वाडीत दोनच बायका भांडतात, हे नशीब समजा." मग गंभीर झाले. "सुनेवर जबरदस्ती करू नका. पण फेरीचा क्रम वाडीचा आहे, त्यात मी हात घालणार नाही."

म्हणजे आम्ही गेलो तशाच परत आलो. हातात फक्त कागदांची एक जुडी. त्यांनीच दिली होती, सगळ्या वाडीसाठी. लदीन मराठीत छापून आली होती. लोकांनी आपल्या भाषेत प्रार्थना करावी असं त्या रोमच्या सभेत ठरलं होतं, तेव्हा या वर्षापासून लॅटिन बंद. हे त्यांनी रविवारी इगर्जीत उभ्या उभ्या सांगितलंही होतं.

आता आमच्या वाडीची गोम ऐका. आत्यासारखी जुनी माणसं शिकलेली होती, पण गोव्याकडच्या रीतीनं. रोमी लिपीतलं कोंकणी झरझर वाचायची, बालबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर दिसलं की चष्मा पुसायला लागायची. शिकलेली तरुण माणसं मुंबईला. मग उरले कोण? आठवीतली मी. आत्यानं मला पुढे उभं केलं आणि माझी कॉलर अशी ताठ झाली म्हणून सांगू.

पहिली दोन घरं मी छान पार पाडली. तिसऱ्या घरी, आत्याच्याच घरी, गाडं घसरलं. झालं काय, लॅटिनमध्ये इतकी वर्षं सगळे "ओरा प्रो नोबिस", म्हणजे "आमच्यासाठी विनंती कर", एवढंच करत आले, आधी काय म्हटलं जातं ते कुणालाच ठाऊक नाही. मराठीत पहिल्यांदाच अर्थ कानात शिरत होता आणि माणसं थबकत होती. मी म्हटलं, "हस्तिदंती मनोऱ्या". तर मागून सहाव्या घरचा म्हातारा मोठ्यानं विचारतो, "ह्यो हत्ती खंयसून इलो रे?" कुणीतरी त्याला दटावलं, "गप, हत्ती नाय, दात." म्हातारा म्हणाला, "दात तर दात, पण सायबिणीक कित्याक?"

मी फुटले. हसू दाबायला गेले तर नाकातून आवाज आला. मग माझ्या पाठोपाठ सगळी पोरं. आत्यानं माझा कान धरून मला स्वयंपाकघरात नेऊन सोडलं आणि उरलेली लदीन लॅटिनमध्ये ओढून नेली. माझं वाचणं तिथेच संपलं. चौथ्या घरीही तिनं लॅटिनच म्हटलं.

पण आत्या होती नेमाची बाई. पाद्रींनी नको म्हटलेलं केलं, हे तिला रात्रभर टोचलं असावं. सकाळीच जाऊन तिनं ते त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, मराठीतच म्हणा. झालं. आज सायबीण आमच्या दारावरून सहाव्या घरी जायची, आणि तिथे मराठी वाचायला माणूस नाही.

आत्या परतताना आमच्या खळ्यात आली. यायचं कारण नव्हतं, वाट दुसरीकडून होती. आईनं चणे भिजत घातले होते, पातेलंभर. सायबीण येणार नाही हे ठाऊक असून घातले होते. आत्यानं ते पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

"वाचूक कोण नाय," आत्या खांबाला म्हणाली.

"आसा मां घरात," आई चण्यांतले खडे वेचत म्हणाली.

"ती? ती म्हणतली सायबिणीक, विनंती कर?"

आणि मग आमची आई बोलली. पाठमोरी नाही, सरळ आत्याच्या तोंडाकडे बघून. "आते, पंचवीस वरसां मी तुमच्या मागे गुडघ्यार बसान लदीन आयकतंय. पुढे म्हणणारी बसता खंय? ती उभी रवता, आवाज जावक व्हयो म्हणान. आणि 'विनंती कर' ती कधी म्हणता? ती नुसती नाव घेता. विनंती आमी करतो. तुमी इतक्या वरसांत एकदा तरी म्हटलंस?"

खरंच होतं ते. आत्यानं आयुष्यभर नावं घेतली होती आणि मागितलं होतं दुसऱ्यांनी.

वयनी ओटीवर आली होती, तिनं सगळं ऐकलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "आई, युक्ती चांगली आहे. पण वाचायचं म्हणजे माझ्या तोंडून जाणार. जे मला पटत नाही ते मी नुसतं वाचूनही म्हणणार नाही. आधी कागद बघू द्या."

तिनं पेन्सिल आणली आणि पायरीवर बसली. आत्या तिच्यासमोर बसली. आणि पुढचा तासभर आमच्या खळ्यात जे चाललं ते मी बाजारातसुद्धा पाहिलेलं नाही.

"देवाची माता," वयनीनं बोट ठेवलं. "घेते. येशू देव आहे तर ती देवाची आईच."

"उपकार झाले," आत्या म्हणाली.

"न्यायाचा आरसा. घेते. ज्ञानाचं आसन, बाळ मांडीवर होतंच. घेते. गुलाब, बुरूज, मनोरा, सोन्याचं घर, ही कविता आहे, कवितेला माझी हरकत नाही. रोग्यांचं आरोग्य." पेन्सिल थांबली. "हे नाही. आरोग्य देव देतो."

"असा?" आत्या पुढे सरकली. "माझा गळू कोणी बरा केल्यान?"

"देवानं."

"मगे तू थय काय करी होतंस? मासे मारी होतंस?"

"मी फक्त हात लावला, आत्याबाई."

"मगे ती पण हातच लावता! तुका हात लावलेलो चलता, आणि देवाच्या आवशीक चलणा नाय?"

वयनी खुदकन हसली. "दिलं. घेते."

आत्याला जोर चढला. 'दुःखितांचं सांत्वन' तिनं तसंच सोडवून घेतलं, वयनी आजाऱ्यांच्या उशाशी बसते त्यावरून. राण्यांची रांग आली तेव्हा मात्र चांगली ओढाताण झाली. देवदूतांची राणी, हुतात्म्यांची राणी. वयनी म्हणाली, राणी तिनं स्वतःला कधी म्हटलं नाही, दासी म्हटलं. आत्या म्हणाली, तुझी आई काय स्वतःला बाईसाहेब म्हणते? तू म्हणू नये? शेवटी बहुतेक राण्या वयनीनं घेतल्या. चार नावांवर ती अडली ती अडलीच. स्वर्गाचं दार. पाप्यांचा आश्रय. आणि शेवटाकडच्या दोन राण्या, एक जन्मपापाविना गर्भात आलेली, दुसरी देहासकट स्वर्गात घेतलेली. "दार एकच आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला की आत्यानंसुद्धा ओढलं नाही. "माझ्या वडिलांनी मला हेच एक शिकवलंय. हे मी सोडलं तर माझ्यात मी राहत नाही, आत्याबाई. आईंसाठीसुद्धा नाही."

आई चण्यांवरून हात फिरवत बसली होती. सगळं त्या चार नावांवर आलं होतं.

आत्या उठली, लुगडं झाडलं. "चार मी म्हणतंय. माका पाठ आसत. तू थय थांब, मी म्हणतंय, मगे तू फुडे चल." दोन पावलं गेली आणि वळून आईला म्हणाली, "चण्यात मीठ बेताचा घाल. गेल्या वरसाक खारट झाले होते."

आई आत गेली आणि चुलीपुढे बसून भरपूर रडली. मग तोंड धुऊन चण्यांत मीठ घातलं. ते खारटच झाले.

संध्याकाळी सायबीण आली. चौथ्या घरून गाण्याचा आवाज जवळ जवळ आला तशी आई दारात उभी राहिली, हातात मेणबत्ती घेऊन. पेटी घरातल्या आल्तारावर, म्हणजे देवाच्या मेजावर, बसली, शेजारणीनं वेणी घातली, सगळे खाली बसले. वयनी उभी राहिली, कागद हातात, पांढरं पातळ नेसून. दवाखान्यातल्या त्या स्वच्छ, शांत आवाजात तिनं सुरुवात केली.

मनोऱ्याला कुणी हसलं नाही. मी म्हाताऱ्याकडे बघितलंच नाही. 'सुवर्णगृहा'. आमच्यासाठी विनंती कर. स्वर्गाच्या दाराशी वयनी थांबली, आत्यानं खणखणीत म्हटलं, "स्वर्गाच्या दारा", पुन्हा वयनी, "प्रभाताच्या तारे". जणू वर्षानुवर्षं असंच म्हणत आलेत. "रोग्यांच्या आरोग्या" म्हणताना वयनीनं कागदावरून डोळे काढून आत्याकडे पाहिलं. आमच्यासाठी विनंती कर.

मग ती थांबली. पाप्यांचा आश्रय आत्याचा होता.

आत्या बोलेना. मी मान वळवून पाहिलं. ती मूर्तीकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिला भानच नव्हतं. पन्नास वर्षं जी नावं घेतली ती पहिल्यांदाच मनात उतरत होती ना. एरवी तोंडानं म्हणणारी तीच, मी वाचलं तेव्हा लक्ष माझ्या चुकांवर, कानांनी नीट ऐकायला तिला आजवर कधी मिळालंच नव्हतं. सगळे थांबले. चुलीवरचं झाकण खुडखुडत होतं तेवढंच. वयनीनं आत्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. तिचे ओठ हललेसुद्धा, आणि पुन्हा मिटले. तिला म्हणायचं नव्हतं, आणि न म्हणता सगळं मोडत होतं.

तेव्हा खालून आवाज आला. आईचा. आई पुढे कधीच म्हणत नसे. तिला छापील शब्द ठाऊक नव्हता, लॅटिनही नव्हतं. ती म्हणाली, "पाप्यांक पोटाशी धरणाऱ्ये."

क्षणभर कुणाला कळलं नाही की हे लदीनीतलंच आहे. मग सगळी वाडी म्हणाली, आमच्यासाठी विनंती कर. शेजारीणसुद्धा म्हणाली. वयनीनं श्वास सोडला आणि पुढचं नाव घेतलं. शेवटाकडच्या त्या दोन राण्या आत्यानं नाक ओढत ओढत वेळेवर म्हटल्या.

चणे वाटताना वयनी आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही म्हटलंत तसं छापलं असतं ना, तर मी वाचलं असतं."

आत्याच्या कानांना काय, ते लांबूनही ऐकायचे. "मगे फाल्या तसाच वाच!"

"उद्याही आईच म्हणतील," वयनी म्हणाली. "ते त्यांचं आहे."

आई लाजून काढ्याचे कप पुसायला लागली. कप कोरडेच होते.

दुसऱ्या दिवशी सायबिणीला आम्ही सहाव्या घरी पोचवलं. दारात तोच हत्तीवाला म्हातारा मेणबत्ती घेऊन उभा. त्यानं आधी मला बघितलं आणि वाट अडवली. "ह्या हसणारा चेडू नको हां. वाचूक कोण?"

"आमची सून वाचतली," आत्या पेटी सांभाळत म्हणाली. "तू आधी बाजूक हो."

म्हातारा बाजूला झाला. वयनी कागद उलगडत आत्याच्या मागून उंबरा ओलांडून आत गेली. "आत्याबाई, आज तुमची तीन विसरू नका हं, चौथं आईंचं."

"गप," आत्या म्हणाली. "वाच."